रिफर्बिश्ड स्कोप घ्यायला निघालात? सोबत एक डबा घ्या

ऑसिलोस्कोपला, म्हणजे व्होल्टेज वेळेसोबत कसं बदलतं त्याचं चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला, आपल्याकडं अजूनही सगळे सीआरओच म्हणतात. त्यातला सी कॅथोड रे ट्यूबचा, ती ट्यूब जाऊन एलसीडी येऊन जमाना झाला, पण नागपुरात बर्डीच्या बाजारात एखाद्या दुकानात "डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप आहे का" असं विचारून पाहा, काउंटरवरचा माणूस दोन सेकंद तोंडाकडं पाहतो आणि मग म्हणतो, "सीआरओ पाहिजे काय भाऊ?" तर हो, तोच. मी इथं नुसतं स्कोप म्हणतो.

माझं काम कार्ड रिपेअरिंगचं. इन्व्हर्टर एसीचे पीसीबी, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतून येणारे मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचे कार्ड, एसएमपीएस (स्विचिंगवाले पॉवर सप्लाय), कधीमधी गाडीचा ईसीयू (इंजिनचा कंट्रोलर). आतापर्यंत तीन जुने स्कोप घेतले, त्यातल्या पहिल्यात फसलो, दुसरा बरा निघाला आणि तिसरा आज टेबलावर आहे. नवीन पोरं विचारून राहिलीत की रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण ठीकठाक करून विकलेला, घ्यावा का आणि घेतला तर काय पाहून, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे रिफर्बिश्ड या शब्दावर जाऊ नका. कंपनीनं स्वतः परत घेऊन, तपासून, कॅलिब्रेट करून वॉरंटीसकट विकलेला स्कोप पण रिफर्बिश्ड आणि कॉलेजच्या भंगार लिलावातून किलोच्या हिशोबानं उचलून, थिनरनं पुसून, नवीन पॉवर कॉर्ड लावून विकलेला पण रिफर्बिश्डच. कीसाइट स्वतःचं वापरलेलं सामान स्वतः विकते, ते चांगलं असतं पण भाव पण तसाच असतो. बाकी बाजारात जे मिळतं त्यात विकणाऱ्याला सरळ विचारायचं की यात काय खराब होतं, काय बदललं आणि बदलल्यावर कशानं चेक केलं. "सब ओके है" हे उत्तर आलं तर समजायचं की त्यानं फक्त चालू करून पाहिला. ज्याला खरंच माहीत असतं तो "फॅन बदलला, एन्कोडर बदलला, चॅनल दोनच्या बीएनसीला नवीन सोल्डर मारलं" असं सांगतो (एन्कोडर म्हणजे नॉबच्या मागचा भाग, चॅनल म्हणजे एक सिग्नल पाहायचं इनपुट, बीएनसी म्हणजे त्याचं गोल सॉकेट), आणि असा माणूस हजार-दोन हजार जास्त मागत असला तरी मी त्याच्याकडूनच घेईन.

कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दाखवतात तेव्हा पण जरा थांबा. कॅलिब्रेशन म्हणजे मोजून किती चूक आहे ते लिहून देणं, ती चूक दुरुस्त करणं म्हणजे अॅडजस्टमेंट, ते वेगळं काम. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबचं सर्टिफिकेट असेल तर त्यावरचा सीरियल नंबर स्कोपच्या पाठीमागच्या नंबराशी जुळवा, तारीख पाहा, आणि आतली आकड्यांची पानं मागा. नुसता चिकटवलेला गोल स्टिकर म्हणजे काहीच नाही.

आता मेगाहर्ट्झ. सगळे इथंच अडकतात. स्कोपवर १०० मेगाहर्ट्झ लिहिलंय म्हणजे १०० मेगाहर्ट्झला तो सिग्नल नीट दाखवतो असं नाही, तिथं त्याची उंची ७० टक्क्यांच्या आसपास आलेली असते, म्हणजे १ व्होल्टचा साइन ०.७ दिसणार. आणि आपण साइन कुठं पाहतो, आपण कडा पाहतो, म्हणजे सिग्नल खालून वर उडी मारतो ती जागा. कडेला किती वेळ लागतो त्याचा हिशोब सोपा आहे, ०.३५ भागिले बँडविड्थ, म्हणजे तोच मेगाहर्ट्झचा आकडा. १०० मेगाहर्ट्झला साडेतीन नॅनोसेकंद, ५० ला सात. याच्यापेक्षा जलद कडा त्या स्कोपवर तेवढीच आळशी दिसणार, मग तुम्ही ड्रायव्हर आयसीला शिव्या देत बसाल. पण घाबरायचं कारण नाही, एसएमपीएसचं स्विचिंग साधारण ६५ ते १३० किलोहर्ट्झ, मॉसफेटची (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरची) कडा पाच-पन्नास नॅनोसेकंदांत, कॅन बस (गाडीतल्या कंट्रोलरांची बोलायची लाइन) ५०० केबीपीएसला एक बिट २ मायक्रोसेकंदाचा, ११५२०० बॉडच्या सिरियलचा बिट पावणेनऊ मायक्रोसेकंदांचा. या सगळ्याला १०० मेगाहर्ट्झ भरपूर झाला, ५० वर पण बहुतेक काम निघतं. रेडिओवाले, हायस्पीड मेमरीवाले, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी हे वाचूच नये.

मेगाहर्ट्झपेक्षा मला सॅम्पल रेट (सेकंदाला किती वेळा मोजतो) आणि मेमरीची (मोजलेले किती पॉइंट साठवतो) जास्त काळजी वाटते, कारण जुन्या डिजिटल स्कोपमध्ये फसवणूक तिथं लपते. मुद्दाम कुणी केलेली नाही, त्या काळचं तंत्रच तसं. एचपीचा ५४६००ए घ्या, समोर १०० मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि ते खोटं नाही, पण सॅम्पल रेट फक्त २० मेगासॅम्पल. तो पुन्हापुन्हा येणारा सिग्नल थोडाथोडा वेगवेगळ्या जागी मोजून चित्र जुळवतो, म्हणून क्लॉक झकास दिसतो, पण एकदाच येऊन गेलेला ग्लिच, म्हणजे क्षणाचा झटका, पकडायचा म्हटलं तर हा स्कोप फार तर दोनेक मेगाहर्ट्झचा उरतो. आणि आपले अर्धे फॉल्ट तर एकदाच येऊन जाणारेच असतात. म्हणून विचारताना "रिअल टाइम किती सॅम्पल" असं विचारा, आणि सगळे चॅनल चालू असताना किती, ते पण. रायगोलचा डीएस१०५४झेड एक चॅनलवर १ गिगासॅम्पल देतो, चारही चालू केले की प्रत्येकाला २५० मेगासॅम्पल, वाटून घेतात बिचारे.

मेमरीचं एक उदाहरण देतो, हे एकदा डोक्यात बसलं की मग कोणी तुम्हाला गंडवू शकत नाही. टेक्ट्रॉनिक्सचा टीडीएस २१०, जुन्या बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा, छोटा, मजबूत, ६० मेगाहर्ट्झ, १ गिगासॅम्पल. कागदावर एकदम भारी. पण मेमरी प्रत्येक चॅनलला २५०० पॉइंट. तुमच्या एसीच्या कार्डावर मायक्रोकंट्रोलर आणि ईईप्रॉममध्ये (सेटिंग साठवणाऱ्या चिपमध्ये) आयटूसी, म्हणजे दोन वायरींवरचं चिपांचं बोलणं, चालू आहे, १०० किलोहर्ट्झचा क्लॉक, आणि तुम्हाला स्टार्टअपच्या वेळचं १० मिलिसेकंदांचं बोलणं एका दमात पकडायचंय. १० मिलिसेकंद भागिले २५०० म्हणजे एक पॉइंट दर ४ मायक्रोसेकंदांनी. क्लॉकचं एक चक्र १० मायक्रोसेकंदांचं. म्हणजे एका चक्राला अडीच पॉइंट! झूम केलं की दात पडलेल्या कंगव्यासारखं काहीतरी दिसतं आणि त्यातून डेटा वाचणं म्हणजे ज्योतिष. तेच १२ मिलियन पॉइंटवाल्या डीएस१०५४झेडवर १० मिलिसेकंद पूर्ण वेगानं बसतात आणि झूम केल्यावर एकेक बिट मोजता येतो. आता गंमत पाहा, ५० मेगाहर्ट्झवाला इथं ६० वाल्याला धुऊन काढतो.

याचा अर्थ टीडीएस २१० टाकाऊ असा नाही. मला तर एसएमपीएससाठी तो अजून आवडतो, चालू केला की काही सेकंदांत तयार, बटणं जिथल्या तिथं, आणि स्विचिंगचा वेव्हफॉर्म पुन्हापुन्हा येणारा असल्यामुळं २५०० पॉइंटांत सुखानं मावतो. टीडीएस २०२४ चार चॅनलचा, २०० मेगाहर्ट्झ, २ गिगासॅम्पल, पण मेमरी पुन्हा तीच अडीच हजार. टीडीएस ३००० ची मालिका चांगली, मेमरी १० हजार पॉइंट, पण आधीच्या मॉडेलांत फ्लॉपी ड्राइव्ह आहे, स्क्रीनशॉट फ्लॉपीत घ्या आणि मग फ्लॉपी वाचणारा कॉम्प्युटर शोधत सगळ्या नागपुरात फिरा. ३०००सी मध्ये यूएसबी आला. नव्वदच्या दशकातले मोठे टीडीएस ५०० आणि ७०० वाले स्वस्तात दिसले तर हात आवरा. त्यांच्यात बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गळून ट्रॅक खातात आणि कॅलिब्रेशनचे आकडे डॅलस कंपनीच्या बॅटरीवाल्या चिपमध्ये असतात, बॅटरी संपली की आकडे गेले. रिस्टोर करायची हौस असेल तर घ्या, कमवायचं असेल तर नको. ड्राइव्हचं काम जास्त असेल तर फ्लूकचा १९० मालिकेतला हातातला स्कोपमीटर नक्की पाहा, त्याचे दोन्ही इनपुट अर्थपासून आणि एकमेकांपासून अलग असतात, याचं मोल खाली अर्थिंगचं वाचल्यावर कळेल. फक्त जुन्यात बॅटरी पॅक मेलेला असतोच असं धरून त्याचे पैसे आधीच भावातून कापा.

आता डबा. मी स्कोप पाहायला जाताना एक जुना स्टीलचा टिफिन नेतो, घरचे हसतात. त्यात ९ व्होल्टची बॅटरी, १.५ व्होल्टचा एक सेल, १० किलोओहम आणि १०० ओहमचा जोड, पॉवर बँकेवर चालणारा अर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), १० मेगाहर्ट्झचा डबीवाला ऑसिलेटर (ठरलेल्या वेगानं ठोके देणारा), ७४एसी१४ या जलद कडा देणाऱ्या आयसीचं बोटभर बोर्ड, बीएनसीचा ५० ओहम टर्मिनेटर आणि माझा भरवशाचा मल्टीमीटर. सगळं मिळून एका तर्री पोह्याच्या पार्टीइतका खर्च, मल्टीमीटर सोडून.

हा डबा कसा आला ते सांगतो. पहिला स्कोप घेतला तेव्हा दुकानदारानं प्रोब (सिग्नल उचलायची टोकदार वायर) स्कोपच्याच कॅलिब्रेशनच्या खुंटीला लावली, १ किलोहर्ट्झचा चौकोन छान दिसला, मी पैसे मोजले आणि उड्या मारत घरी. आठवड्यानं एका कार्डावर ३.३ व्होल्टची लाइन चॅनल दोनवर २.६ दिसली. मी रेग्युलेटर बदलला, तरी २.६. कॅपॅसिटर काढले, तरी २.६. रात्री साडेअकराला कंटाळून मल्टीमीटर लावला तर ३.३ बरोबर! कार्ड पहिल्यापासून ठीक होतं, चॅनल दोनच्या अॅटेन्युएटरचा (रेंजप्रमाणे सिग्नल लहान करणाऱ्या भागाचा) एक रिले कॉन्टॅक्ट काळा पडला होता, काही रेंजवर बरोबर आणि काही रेंजवर थापा. दुकानदार म्हणे "उस दिन तो चल रहा था". चालतच होता ना, त्या एका रेंजवर.

म्हणून आता पहिली तपासणी हीच. १.५ चा सेल आणि ९ ची बॅटरी आधी मल्टीमीटरनं मोजायची, मग प्रत्येक चॅनलला आळीपाळीनं लावून व्होल्ट-पर-डिव्हिजनची (पडद्यावरच्या एका घराला किती व्होल्ट, त्याची) एकेक पायरी फिरवायची. आतून टक् टक् रिले बोलतात. जिथं आवाज येतो तिथं रीडिंग जागेवर राहतंय का ते पाहा, बऱ्याच स्कोपना तीन टक्के इकडंतिकडं चालतं, दहा टक्के नाही चालत. बारीक रेंजसाठी तो रेझिस्टरचा जोड, १.५ व्होल्टमधून साधारण १५ मिलीव्होल्ट मिळतात, ५ मिलीव्होल्टच्या रेंजवर रेष तीन घरं वर चढली पाहिजे. मग काही न लावता, टर्मिनेटर घालून, सगळ्यात बारीक रेंजवर रेषेची जाडी पाहा. सगळ्या चॅनलची जाडी साधारण सारखी हवी. एकाची जास्त जाड असेल तर त्याचं इनपुट कधीतरी मार खाऊन आलंय.

५० ओहमचं इनपुट असलेला स्कोप असेल तर मल्टीमीटर सरळ बीएनसीवर लावा. १ मेगाओहम मोडवर साधारण तेवढंच, ५० च्या मोडवर ५० च्या आसपास. ते इनपुट ५ व्होल्ट आरएमएसच्या वर सहन करत नाही, आणि कॉलेजच्या लॅबमधून आलेल्या स्कोपवर कोणीतरी कधीतरी जास्त देऊन ते जाळलेलं असायची शक्यता चांगलीच असते. साध्या स्कोपना हे इनपुट नसतंच, त्यामुळं हा प्रश्नच नाही.

बँडविड्थ पाहायला ७४एसी१४ चं बोर्ड. त्याची कडा एक-दोन नॅनोसेकंदांची, १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ती साडेतीन ते चारच्या आसपास दिसायला हवी. सात-आठ दिसली तर इनपुटमध्ये काहीतरी गडबड आहे, सतरा-अठरा दिसली तर मेनूत २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू राहिलीय, आधी ते पाहा आणि मग भांडा. एक सांगतो, हे करताना प्रोबची वीतभर ग्राउंड वायर वापरू नका, त्या वायरीमुळंच कडेवर झालर येते आणि नवीन माणसाला वाटतं की स्कोपच खराब. बोर्डावर बीएनसी लावून सरळ जोडा किंवा प्रोबच्या टोकाशी छोटी स्प्रिंग लावा. १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर टाइमबेससाठी. तो चौकोनी असला तरी ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर गोलसर दिसणार, ते नॉर्मल आहे.

अर्डुइनो सिंगल शॉटसाठी, म्हणजे एकदाच येणारा सिग्नल पकडून स्कोप थांबतो का ते पाहायला. दर पाच सेकंदांनी एकच अक्षर पाठवणारा प्रोग्राम टाकून ठेवलाय, स्कोप सिंगलवर ठेवून ते अक्षर प्रत्येक वेळी पकडलं जातंय का पाहायचं. दहात दोनदा सुटलं तर ट्रिगरमध्ये (केव्हा पकडायचं ते ठरवणाऱ्या भागात) लोचा आहे. त्याच वेळी सगळी बटणं आणि गोल नॉब फिरवून घ्या, जुन्या एन्कोडरला एक पायरी पुढं टाकली की दोन मागं जायची सवय असते. हा दोष स्वस्तात दुरुस्त होतो, पण भाव पाडायला फार उपयोगी आहे.

आणि हे सगळं स्कोप गरम झाल्यावर करायचं. चालू करून तासभर तसाच ठेवा, तोवर चहा घ्या, गप्पा मारा. थंड असताना ठीक चालणारे आणि चाळीस मिनिटांनी रेष खाली सरकवणारे, नाहीतर फॅन जाम असल्यामुळं बंद पडणारे मी पाहिलेत. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, बहुतेक टेबलावरच्या स्कोपची मर्यादा ५० अंशांची, टिनाच्या शेडमध्ये बसणाऱ्यानं गणित स्वतः करावं. गरम झाल्यावर मेनूतलं सेल्फ टेस्ट आणि सेल्फ कॅल (स्कोप स्वतःच स्वतःला जुळवून घेतो ते) दोन्ही चालवा, सेल्फ कॅल फेल आलं तर पुढं बोलायचंच नाही, उठायचं.

आता अर्थिंग, आणि इथं मी मजा करत नाही. टेबलावरच्या स्कोपची ग्राउंड क्लिप आतून सरळ मेनच्या अर्थला जोडलेली असते. एसएमपीएसच्या प्रायमरीचं, म्हणजे मेनकडच्या बाजूचं, निगेटिव्ह, ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांच्या) मागचं, ते अर्थपासून अलग नसतं. तिथं क्लिप लावली की ब्रिजच्या डायोडमधून सरळ शॉर्ट, २३० व्होल्टच्या शिखराला ३२५ होतात, क्लिप उडते, ट्रॅक उडतो, कधीकधी स्कोपचं इनपुट पण. बऱ्याच इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअर कार्डावर तर मायक्रोकंट्रोलरचं ग्राउंडच डीसी बसच्या निगेटिव्हला असतं, म्हणजे तुम्ही "पाच व्होल्टच तर आहे" म्हणून क्लिप लावता आणि धडाम. यावर स्कोपच्या प्लगची अर्थची पिन कापायचा जो इलाज काही जण सांगतात तो मूर्खपणा आहे, मग स्कोपची सगळी बॉडी आणि बीएनसी ३०० व्होल्टवर तरंगतात आणि तुमचा हात त्यावर. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा तो कार्डाला, स्कोपला नाही, आणि सोबत सिरीजचा बल्ब. नाहीतर डिफरन्शियल प्रोब, जी अर्थला न जोडता दोन टोकांतला फरक मोजते. बजेट ठरवताना हे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात स्कोप पाहा. आणि घरात, दुकानात अर्थिंग खरंच आहे का ते पण मोजा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

प्रोबचं थोडक्यात. सोबत मिळालेल्या प्रोबवर एकेक करून स्विच एक्स१० ला (सिग्नल दहा पट लहान करून देणाऱ्या जागेला) टाका आणि बारीक स्क्रू फिरवून चौकोनाचे कोपरे सरळ होतात का पाहा, होत नसतील तर ती प्रोब त्या स्कोपच्या इनपुट कॅपॅसिटन्सला जुळत नाही किंवा तुटलीय. एक्स१ वर बँडविड्थ ६-१० मेगाहर्ट्झवर येते आणि सर्किटवर शंभरेक पिकोफॅरडचा भार पडतो, क्रिस्टलला लावली तर ऑसिलेशनच बंद पडायचं, म्हणून एक्स१० ची सवय करा. फ्लायबॅक प्रकारच्या एसएमपीएसमध्ये मॉसफेटच्या ड्रेन पायावर ५००-६०० व्होल्ट येतात, साध्या प्रोब बहुतेक ३०० च्या, तिथं एक्स१०० हवी.

पैशाचं म्हणाल तर माझा हिशोब असा की जुना स्कोप त्याच्या तोडीच्या नवीन स्कोपच्या साठ टक्क्यांच्या वर जात असेल तर नवीनच घ्यावा. रायगोलचा डीएचओ८०४ किंवा सिग्लेंटचा एसडीएस११०४एक्स-ई यांचे त्या दिवशीचे भाव काढून खिशात ठेवा, पहिला १२ बिटचा (बिट जास्त म्हणजे उंची जास्त बारीक मोजतो) आणि चार चॅनलचा आहे, जुने जवळपास सगळे ८ बिटचे. विकणारा "अरे भाऊ, टेक्ट्रॉनिक्स आहे" म्हणू लागला की हा कागद काढायचा. ब्रँडचं नाव वेव्हफॉर्म दाखवत नाही. बिल जीएसटीचं घ्या, वॉरंटी तीन महिन्यांची का होईना पण बिलावर लिहून घ्या, आणि डिकोडिंगसारखे (सिग्नलमधला डेटा वाचून दाखवणारे) ऑप्शन दाखवले तर ते कायमचे आहेत की ट्रायलचे, मेनूत उघडून पाहा.

कुरिअरनं मागवायचा असेल तर निघण्याआधी व्हिडिओ कॉलवर वरच्या सगळ्या तपासण्या करून घ्या आणि इथं बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा. मला स्वतःला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत विदर्भ एक्स्प्रेसनं जाऊन, डबा उघडून, तासभर बसून, स्कोप मांडीवर घेऊन परत यायला जास्त आवडतं. डब्यात काय आहे ते गाडीत कोणी विचारलं तर सांगायला मजा येते.

घरी आणल्यावर झाकण उघडायची घाई नको, आधी वॉरंटी संपू द्या. फक्त मागची जाळी ब्रशनं साफ करा आणि फॅन ऐका. उन्हाळ्यात कूलरची हवा सरळ स्कोपवर येईल असा ठेवू नका, ओल आणि धूळ दोन्ही एकदम आत जातात, माझ्या दुसऱ्या स्कोपचे बीएनसी असेच हिरवे पडले. टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस २००० सारख्यांना खोलीचं तापमान पाच अंशांनी बदललं की सेल्फ कॅल परत करायला सांगितलंय, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ आणि दुपारी दोन यात त्याहून जास्त फरक सहज पडतो, त्यामुळं त्या दोन महिन्यांत मी दुपारी जेवून आलो की आधी प्रोब काढतो, सेल्फ कॅल लावतो आणि मगच कार्ड हातात घेतो.